काजं कोणत्या बाजूला

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, आणि नसतं तरी तुम्ही राजधानीत बसून काय करणार होतात, तेव्हा ठीकच समजा. तुमच्या साहेबांना एकात्मता खात्याचे मोठे साहेब केल्याचं पेपरात वाचलं. फोटो बघितला. पोट फोटोत मावलं नाही, बाकी छान आलेत.

त्याच खात्याचा एक माणूस आमच्याकडे येऊन गेला. गळ्यात टाय, घामाने मानेला चिकटलेला. आम्ही त्याचं नाव टायवाला ठेवलं. दुकानात आला, खुर्ची पुसून बसला आणि विचारतो, "बाई, इथल्या डोंगरवाल्यांचा पारंपरिक पोशाख कोणता आणि नदीवाल्यांचा कोणता?"

मी म्हटलं, "दोघांचा एकच. कापडवाल्याकडे जे स्वस्त मिळेल ते."

"असं कसं चालेल? एकता दिवसाला राजधानीत सगळे वेगवेगळे दिसले पाहिजेत. वेगळे दिसले नाहीत तर एक झालेत हे कळणार कसं?"

आता यावर काय बोलणार, सांगा. मी डोंगराकडची, तुमचा भाऊ नदीकडचा. आमच्या लग्नात कोण कुठल्या बाजूचं बसलंय ते तुमच्या आईलाही कळलं नव्हतं, तिने माझ्याच मावशीजवळ माझी उणीदुणी काढली होती. गोऱ्यांच्या वेळी नदीवाल्यांना कारकून करायचे आणि डोंगरवाल्यांना हवालदार, म्हणून सरकारी कागदात आपण दोन. गोरे गेले, कागद काही गेला नाही.

मी टायवाल्याला म्हटलं, जाकिटं शिवून देते, सगळ्यांना एकसारखी, शोभून दिसतील. तो "बघा काहीतरी" म्हणून गेला. मास्तरांनी कापड बेतायला घेतलं. आमचे मास्तर तुम्हाला आठवत असतील, डोंगराकडचे, तुमच्या भावाबरोबर दुकानात आलेले, कात्री घरी नेऊन उशाशी ठेवणारे. त्याआधी दवाखान्याच्या नर्सबाईंचे कोट बेतून झाले होते आणि त्या कोटाचा कागदी नमुना टेबलावर तसाच पडला होता. मास्तरांनी अर्धी जाकिटं पुरुषांच्या नमुन्यावर कापली आणि जेवून आल्यावर उरलेली अर्धी नर्सबाईंच्या. पुरुषांच्या कपड्याला काजं डावीकडे असतात, बायकांच्या उजवीकडे. तर अर्ध्या जाकिटांची काजं उजवीकडे आली. शिवून, इस्त्री करून झाल्यावर लक्षात आलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात टायवाला हजर. दोन ढीग बघितले, बोट लावलं, कपाळाला आठी घातली. "ही उलटी का?"

मी म्हटलं, "साहेब, ती डोंगरवाल्यांची. त्यांच्यात काजं उजवीकडेच असतात, पूर्वीपासून."

वन्सं, त्या माणसाचा चेहरा असा फुलला, जसा काही मुलगा झाल्याची बातमी आली. लिहून घेतलं, मला नमस्कार केला. तो गेल्यावर मास्तर आणि मी इतके हसलो की तुमची भाची दवाखान्यातून आली तिला वाटलं कुणाला काही झालं.

तेव्हा मिरवणुकीत आमच्या गावचे डोंगरवाले दिसले तर नीट बघा. सगळे मिशीवाले गडी नर्सबाईंची काजं लावून चालत असतील. साहेबांना सांगू नका. किंवा सांगा, पोट हलेल.

तुमची वहिनी

२ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. पोटाचं वाचून दाखवलं नाही, एवढं तरी मला कळतं.

मिरवणूक काय झाली म्हणून सांगू! सगळ्यात जास्त टाळ्या आपल्या गावच्या दोन रांगांना. मंत्र्यांनी साहेबांना जवळ बोलावून विचारलं, ही काजांची पद्धत आत्तापर्यंत कुणाला माहीत कशी नव्हती? विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी त्यावर पेपरात लेख लिहिला आहे. डोंगरात वारा डावीकडून येतो म्हणून डोंगरवाले उजवीकडून जाकीट बंद करतात, आणि नदीवाल्यांना वल्हं मारायला उजवा हात मोकळा लागतो म्हणून त्यांची काजं डावीकडे. मला तर पटलं. आपल्या आजोबांची नाव होतीच की.

तू चुकीबिकीचं लिहिलंस ते तुझ्या नेहमीच्या गमतीतलं, हे मी ओळखलं. तुझं अर्धं बोलणं सोडून द्यायचं असतं हे दादा मला सांगायचा. पण कुठेतरी ऐकल्याशिवाय तुला ते सुचलं नसणार. जुनी माणसं बोलताना कानावर पडलं असेल.

मला एक शिवून पाठव. काजं डावीकडे, आपलं. बाहेर बरं नाही मिळत, आणि तुझ्या हातची शिलाई इथे कुणाला येत नाही. दादा असता तर त्यानेही हौसेने घातलं असतं. तू स्वतः कुठलं घालणार ग? थट्टा करतेय हो, तुलाच करता येते असं नाही.

पोरीला आशीर्वाद.

तुझी नणंद

२० एप्रिल

वन्सं,

जाकीट वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. कमरेत थोडं सैल ठेवलंय, राजधानीचं पाणी मानवतं असं ऐकते.

डोंगरात वारा डावीकडून येतो म्हणे. मी लहानपणी त्याच डोंगरावर शेळ्या राखल्या. वर चढताना जी डावी बाजू, ती खाली उतरताना उजवी होते. प्राध्यापकांनी बहुतेक फक्त चढताना बघितलं.

इथे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कधी नाही ती गर्दी. परवा आपला कोपऱ्यावरचा न्हावी आला. "मला आमच्या बाजूचं एक द्या."

"तुमची बाजू कोणती?"

"तेच विचारायला आलोय, वहिनी. आई डोंगराची, बाप नदीचा. कोणतं जास्त खपतंय?"

मग स्वतःच हिशेब केला, की दाढीला येणारे जास्त नदीवाले आहेत, आणि डावीकडच्या काजांचं घेऊन गेला. तोपर्यंत हसायला येत होतं.

पण आता लोक एकत्र येत नाहीत. डोंगरवाले सकाळी येतात, नदीवाले दुपारनंतर, कुणी ठरवलेलं नसताना. एकमेकांचं माप घेताना बघत नाहीत. गेल्या आठवड्यात एक तरुण पोरगा आरशासमोर छाती काढून उभा होता, म्हणाला, "आमच्या पूर्वजांची काजं." मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे बाळा, पूर्वज कुठले, ती नर्सबाईंच्या कोटाची काजं आहेत. चुकून कापली आम्ही. हवं तर मास्तरांना विचार."

पोरगा लाल झाला. "आमच्या पोशाखाची थट्टा करता?"

मी मास्तरांकडे बघितलं. वाटलं, आता हसतील आणि सांगतील. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "चूक कसली? माझ्या आजोबांचा सदरा असाच होता."

"मास्तर, तुमच्याकडे आजोबांचा एकच फोटो आहे आणि त्यात ते उघडे बसलेत."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्या माणसाने पोट धरलं असतं. त्या दिवशी धरलं नाही. संध्याकाळी कात्री कागदात गुंडाळली, बोटात घालायचं टोपणही घेतलं, आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोलून चालून नदीवाल्याच्या घरच्या." समोरच्या गाळ्यात आता त्यांनी दुकान काढलंय, पाटीवर लिहिलंय, डोंगरवाल्यांची खरी जाकिटं. मी डोंगराकडची आहे हे माझ्या पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत. माझ्याशी ते आमच्या डोंगरातल्या शिव्या देऊन बोलायचे, एवढी ओळख.

तुमच्या भाचीला गल्लीतल्या बायका विचारतात, तू कुठलं घालणार? मी तिला पाठीमागे बटणं असलेलं शिवून दिलं. म्हटलं, बघणाऱ्यांना जरा फिरून यावं लागेल. तिने घातलं नाही. "आई, तुझ्या गमती आता बाहेर चालत नाहीत," म्हणाली.

तुमची वहिनी

१५ मे

वहिनी,

जाकीट छान बसलं. कमरेचं सैल काढून घेतलं, तेवढं लागत नव्हतं.

आता रागावू नकोस, पण मोठी म्हणून सांगते. ते चुकीचं आणि नर्सबाईंचं कुणाजवळ बोलू नकोस. तुझं एक जाकीट इथल्या संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवलंय. मंत्री परदेशी पाहुण्यांना नेऊन दाखवतात. साहेबांची बढती जवळजवळ नक्की आहे आणि ती याच कामावर आहे. शिंपिणीने चुकून कापलं असं उद्या पेपरात आलं तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?

आणि खरं सांगू, चूक असली तरी काय झालं? लोकांना आपलं असं काहीतरी मिळालं ना. साहेब म्हणतात, आधी आपण कोण हे कळलं की मग एकत्र येणं सोपं जातं.

पोरीला पाठीला बटणं लावण्यासारखे पोरकट प्रकार करू नकोस. ती दादाची मुलगी, म्हणजे नदीकडची. तिला सरळ डावीकडच्या काजांचं दे आणि मोकळी हो. तुझ्या माहेरचं तिच्याशी फार बोलत जाऊ नकोस, तिच्याच भल्याचं सांगतेय.

तुझी नणंद

९ ऑगस्ट

वन्सं,

मधे लिहिलं नाही. हसण्यासारखं काही सापडत नव्हतं, आणि रडकी पत्रं तुम्हाला आवडत नाहीत.

पुलाचं तुम्हाला कळलंच असेल, किंवा तुमच्या पेपरात आलं नसेल. अलीकडच्या टोकाला नदीवाली पोरं उभी राहतात, पलीकडे डोंगरवाली. येणाऱ्याच्या छातीकडे बघतात. काजं आपल्या बाजूची असली तर "जा काका", नसली तर काठी. जाकीटच नसलं तर म्हणतात, लपवता काय? उकाड्यातसुद्धा लोक जाकिटं घालून फिरतात. आपल्या न्हाव्याने डोकं लढवलं, दोन्ही जाकिटं शिवून घेतली, पुलाच्या मध्यावर जाऊन बदलायचा. महिनाभर जमलं. मग दोन्हीकडच्या पोरांनी मिळून धरला. त्याचा उजवा हात आता उचलत नाही. दुकान बंद आहे. वस्तरा डाव्या हाताने धरून बघतो म्हणाला, पण गाल कोण पुढे करणार?

तुमच्या भाचीचं सांगते. ती पुलापलीकडच्या दवाखान्यात जाते हे त्या पोरांना माहीत आहे. त्यातल्या निम्म्यांना तिनेच सुया टोचल्यात. मंगळवारी ती नर्सचा कोट घालून निघाली. नर्सचा कोट, वन्सं. काजं उजवीकडे. नदीवाल्या पोरांनी अडवलं. डोंगरवाली म्हणाले.

ती त्यातल्या एकाला म्हणाली, "अरे, तुझ्या गुडघ्याला टाके कुणी घातले?"

"घातलेस ते घातलेस. कोट काढ."

तिने काढला नाही तेव्हा त्याने थोबाडीत मारली. कोट ओढून नदीत टाकला. दुसरा जरा शहाणा होता, त्याने विचारलं, बाप कोण? तिने सांगितलं. तुमच्या भावाला सगळे ओळखतात. मग त्याने विचारलं, आई? पोरगी गप्प बसली. मला हे सांगताना खाली बघत होती. मी म्हटलं, बरं केलंस.

त्याच आठवड्यात आपल्या दुकानाची काच फुटली. मी डोंगराकडची म्हणून नदीवाल्यांनी फोडली. दोन दिवसांनी दार जाळलं, ते घर नदीवाल्याचं म्हणून डोंगरवाल्यांनी. साहेबांना सांगा, दोघांनी मिळून केलेलं गावातलं हे एकमेव काम. जळत्या दारावर पाणी टाकायला समोरून मास्तर आले नाहीत. दुकानाच्या फळीवर उभे राहून बघत होते. त्यांच्या हातात बादली होती, एवढं मात्र खरं. का होती आणि का टाकली नाही, ते मी विचारायला गेले नाही.

नर्सबाईंच्या कोटाचा नमुना घेऊन मी चौकीत गेले होते. टेबलावर पसरला, शेजारी जाकीट ठेवलं, म्हटलं बघा, एकच आहे, एवढ्यासाठी माणसं मारतायत. फौजदार म्हणाला, "आजी, आता उशीर झाला, आणि तुम्ही कुठल्या बाजूच्या?"

आता जे मागते त्यात थट्टा नाही. पोरीला तुमच्याकडे घ्या. तिथे मोठे दवाखाने आहेत, काम मिळेल, घरात तुम्हाला ओझं होणार नाही. माझं काही नको. मी इथेच बरी. तिचं एवढं करा. पुढच्या वेळी ते कोटावर थांबतील असं मला वाटत नाही.

तुमची वहिनी

२५ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. दादाची लेक म्हणजे माझीच. तिला नाही कशी म्हणेन?

पण इथेही दिसतं तेवढं सोपं नाही. आम्ही राहतो ती सगळी खात्याची घरं. कोण कुणाकडे येतं, कुठल्या बाजूचं, सगळं बघितलं जातं. आमची स्वयंपाकाची बाई डोंगराकडची होती, बारा वर्षं होती, साहेबांना नाइलाजाने काढावी लागली. जाताना रडली. मीही रडले.

तर पोरीला पाठव. एकच गोष्ट आहे आणि ती तू समजून घेशील. साहेबांची नेमणूक झाली तेव्हा इथे घरच्यांची चौकशी झाली होती. माहेरी कोण, भाऊ कोण, भावजय कुठली. तेव्हा मी सांगून टाकलं की भावजय नदीकडचीच होती आणि भावाच्या आधी गेली. दुसरं काय सांगणार होते? एका शब्दावर सगळं अडलं होतं. तुला कळवलं नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं, आणि तुझं काही बिघडतही नव्हतं.

आता पोरीनेही तेच सांगितलं म्हणजे झालं. बोलायचा तर प्रश्न आहे. तुझ्या माझ्यात काही बदलत नाही.

दवाखान्याची औषधं घेऊन येणारी गाडी राजधानीत परत येते, तिच्यात बसवून दे. चालकाला साहेबांची चिठ्ठी पोचेल. जाकीट घालून पाठव, डावीकडचं.

तुझी नणंद

३ सप्टेंबर

वन्सं,

म्हणजे फेब्रुवारीत मी पोटाची थट्टा केली तेव्हा मी मेलेलीच होते. तेव्हाच कळवायचं होतंत, टपालाचं तिकीट वाचलं असतं. आणि मेलेल्या बाईकडून जाकीट शिवून घेतलंत, वर कमरेचं सैल काढलंत. भूत असूनही माझी शिलाई पक्की आली, एवढं तरी लोकांना सांगायचं.

पोरगी उद्या निघते.

आधी नाहीच म्हणाली. मी म्हटलं, मग उद्या पुलावर कुठला कोट घालतेस ते दाखव. मग मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, म्हण, माझी आई नाही, मी लहान असतानाच गेली. तिच्या तोंडून निघेना. मी मशीनवर तिचं जाकीट घेतलं, काजं करत बसले, आणि म्हटलं, हे होईपर्यंत आलं पाहिजे. पहिल्यांदा म्हणाली ती रडत. मी म्हटलं, असं नाही चालणार, जुनं दुःख असल्यासारखं म्हण, कुणी कालपरवा गेल्यासारखं नको. मग म्हणाली ती घाईघाईत, धडा म्हणून दाखवल्यासारखी. मी म्हटलं, मधे थोडी थांब, समोरच्याला वाईट वाटायला जागा ठेव. शेवटच्या काजाला आलो तेव्हा तिला बरोबर जमलं. इतकं बरोबर की मी दोरा तोडायचं विसरले.

तुम्ही विचारलं नव्हतंत तरी सांगते, ती सकाळी लवकर उठते, दुधाला नाही म्हणते पण दिलं तर पिते. मोठ्याने बोललं की गप्प होते, तेव्हा साहेबांना हळू बोलायला सांगा.

डोंगरातला एखादा शब्द तिच्या तोंडून निघाला तर रागावू नका. माझ्या अंगणात वाढली, कुठेतरी चिकटला असेल. जाईल हळूहळू.

तुमची,
आणि काय लिहू ते तुम्हीच ठरवा

१० जानेवारी

वहिनी,

उशीर झाला लिहायला. दोन्हीकडे शांत झाल्याचं वाचलं. साहेबांची बढती झाली.

पोरीची काळजी करू नकोस. मोठ्या दवाखान्यात लागली आहे. इथलं बोलणं इतकं पटकन उचललं तिने की मलाच कौतुक वाटतं. तू म्हणालीस तसे शब्द सुरुवातीला यायचे, आता नाही येत. ती पत्र लिहीत नाही म्हणून मनात आणू नकोस, मीच नको म्हटलं. टपाल उघडून बघतात असं ऐकते.

आनंदाची बातमी अशी की साहेबांच्या हाताखालच्या एका मुलाचं स्थळ आलं आहे. सज्जन आहे, नदीकडचंच जुनं घराणं. परवा त्याचे आईवडील बघायला आले होते. त्याच्या आईने पोरीच्या आईचं विचारलं. मी आत चहा करत होते, भांड्यांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, पण पोरगी शांतपणे बराच वेळ सांगत होती, आणि मी ट्रे घेऊन बाहेर आले तर पाहुणीबाई डोळे पुसत होत्या. जाताना तिला जवळ घेऊन म्हणाल्या, आता मीच तुझी आई. तिथेच ठरल्यासारखं झालं.

लग्न पुढच्या महिन्यात. तुला बोलावता येत नाही हे तुला सांगायला नको. आणि आता दोन घरं जोडली जाणार, तेव्हा यापुढे पत्रही नको. तिच्यासाठी एवढं कर. तू समजूतदार आहेस, दादा नेहमी म्हणायचा.

तुझी नणंद

२२ जानेवारी

वन्सं,

नको म्हणालात तरी लिहितेय. मेलेल्या बाईला कोण अडवणार? हे पत्र टपालाने नाही, औषधांची गाडी अजून भिंतीपर्यंत येते, त्या गाडीवाल्याच्या हातून येईल, तेव्हा घाबरू नका.

बढतीबद्दल अभिनंदन. इथे शांत आहे ते खरं आहे. पुलावर आता पोरं नाहीत, भिंत आहे. मधोमध, सिमेंटची. तिच्यावर तुमच्या खात्याने दोन हात एकमेकांत गुंफलेले रंगवलेत. रंग चांगला वापरलाय. आमच्या बाजूने एक हात दिसतो, दुसऱ्या हाताचा पंजाच, कारण त्याचं मनगट पलीकडच्या अंगावर यायचं होतं आणि ती बाजू त्यांनी रंगवू दिली नाही. मास्तर पलीकडे गेले. माझ्याकडे आता डावीकडच्या काजांचीच गिऱ्हाइकं येतात, ती येतात कारण दुसरा शिंपी नाही, आणि कापड दारातून आत टाकतात.

स्थळ चांगलं आहे, मला आनंद झाला. खरंच झाला. रात्री झोप लागली, बऱ्याच दिवसांनी. पोरीला मी मागितलं तेच मिळालं, तुम्ही शब्द पाळलात, त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. लग्नाला येत नाही. कधी राजधानीत आलेच तर तिच्या घरासमोरून जाणार नाही. चुकून दिसले तर तिने ओळख दाखवू नये असं मी तिला निघतानाच सांगितलंय, ती दाखवणार नाही, पोरगी सांगितलेलं ऐकते.

परवा नळावर कुणीतरी विचारलं, लेक कुठे असते? मी म्हटलं, मला लेक नाही. तोंडातून सहज गेलं. मधे थांबावंही लागलं नाही.

एक तेवढं विचारायचं आहे, मग तुम्हाला त्रास देणार नाही. त्या पाहुणीबाईंना ती बराच वेळ सांगत होती म्हणता. मी तिच्याकडून वदवून घेतलं ते एका वाक्याचं होतं. बाकीचं तिने स्वतःचं घातलेलं दिसतंय. तुम्हाला भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही, ते ठीक आहे, पण तुम्ही घरातच आहात, कधी एकटी असेल तेव्हा सहज विचारा. मी कशाने गेले ते नको. कुठे गेले तेही नको. तिने सांगितलं त्यात, मी गेले तेव्हा ती माझ्याजवळ होती का, एवढंच विचारून गाडीवाल्याजवळ सांगा.